माळव्याची (भाजीपाल्याची) मूळकुज आणि तिचे जैविक नियंत्रण : कोल्हापूर जिल्ह्यातील भाजीपाला उत्पादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूळकुज हा एकच रोग आहे का?

नाही, आणि उपचारातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. मूळकुज हे लक्षणाचे नाव आहे, रोगकारकाचे नव्हे. टोमॅटो, ढबू मिरची, वांगी, काकडी, घेवडा या पिकांची मुळे कुजवणारे जमिनीतले रोगकारक अनेक आहेत आणि प्रत्येकाची रीत वेगळी आहे. पिथियम हा मुख्यतः रोपवाटिकेतला शत्रू आहे; त्याच्यामुळे कोवळी रोपे जमिनीलगत पाणीदार होऊन कोलमडतात. फायटोफ्थोरा मिरचीच्या बुंध्यावर आणि मुळांवर येतो, तोही रान तुंबलेले असताना. रायझोक्टोनियामुळे बुंध्याशी तपकिरी, खोलगट चट्टे पडतात. फ्युजेरियमच्या काही जाती मुळे कुजवतात, तर काही झाडाच्या रसवाहिन्यांत शिरून मर आणतात. स्क्लेरोशियम रॉल्फसी बुंध्याभोवती पांढऱ्या कापसासारखी वाढते आणि तिच्यात मोहरीच्या दाण्याएवढ्या तपकिरी गाठी तयार होतात. मॅक्रोफोमिना मात्र उलट स्वभावाची आहे. ओलीपेक्षा उन्हाळ्यातली तापलेली, पाण्याचा ताण बसलेली जमीन तिला मानवते.

यातले पिथियम आणि फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखे असले तरी खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. त्यांच्या पेशीभित्तिका प्रामुख्याने सेल्युलोज आणि ग्लुकनच्या असतात आणि त्यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत पुढच्या मुळापर्यंत जातात. ही माहिती केवळ पुस्तकी नाही. सरसकट आळवणी केले जाणारे (मुळाशी ओतले जाणारे) कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक या दोघांवर चालत नाही, त्यामुळे पावसाळी मूळकुजीवर ते पुन्हा पुन्हा ओतणाऱ्याचा पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.

आपल्या रानातली मर मूळकुजीचीच आहे हे कसे ओळखावे?

झाड ओढून काढू नका, कारण कुजलेली मुळी मातीतच तुटून राहते आणि हाती नुसते खोड येते. खुरप्याने मातीच्या गड्ड्यासह झाड काढून मुळे बादलीत हळुवार धुवावीत. निरोगी झाडाची पांढरी मुळी ठसठशीत आणि कडक असते. कुजलेल्या मुळीची साल बोटांत धरून ओढली की सुटून येते आणि आतला दोरा तेवढा शिल्लक राहतो. बुंधा उभा चिरून पाहावा. आत तपकिरी रेघा दिसल्या तर रोग रसवाहिन्यांपर्यंत पोहोचलेला आहे.

दोन गोष्टी वेगळ्या काढणे फार आवश्यक आहे. टोमॅटो किंवा वांग्याचे हिरवेगार झाड एक-दोन दिवसांत अचानक मान टाकत असेल, तर खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरताना दिसला, तर ती जिवाणूजन्य मर आहे आणि तिच्यावर बुरशीनाशकाचा, मग ते जैविक असो वा रासायनिक, थेट उपयोग नाही. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) आहेत. सूत्रकृमींनी पाडलेल्या जखमांतून बुरशी आत शिरते, त्यामुळे गाठी आणि कुज अनेकदा एकत्रच आढळतात आणि केवळ कुजीवर उपचार करून भागत नाही.

उन्हाळी लागवडीत आणखी एक फसवणूक होते. मल्चिंग पेपरचे भोक लहान असले की तापलेला कागद रोपाच्या बुंध्याला चिकटतो आणि साल भाजते. त्याला कुज समजून आळवण्या केल्या जातात, प्रत्यक्षात भोक मोठे करून बुंध्याशी माती लावणे एवढाच त्यावरचा उपाय असतो.

खात्री होत नसेल तर अर्धवट सुकलेले झाड (पूर्ण वाळलेले नव्हे) मुळांसह आणि मातीसह कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातील वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. पूर्ण वाळलेल्या झाडावर कुजकी बुरशी इतकी माजलेली असते की मूळ गुन्हेगार सापडत नाही.

आपल्या जिल्ह्यात हा रोग सगळीकडे सारखाच येतो का?

कोल्हापूर जिल्हा लहान असला तरी जमीन आणि पाऊस यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे तांबडी, जांभ्याची, आम्लधर्मी जमीन आणि धो-धो पाऊस. तर हातकणंगले, शिरोळकडे भारी काळी जमीन, कमी पाऊस आणि भरपूर ओलीत. पश्चिमेकडे उतारामुळे पाणी निघून जाते, पण पावसाळ्यात माती सतत ओली राहते आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांना तेच हवे असते. पूर्वेकडे काळ्या रानाचा निचरा मंद आहे आणि उसाची पाणी देण्याची सवय माळव्यालाही लागलेली आहे. पाट भरून पाणी देण्याची ही सवय मूळकुजीचे सर्वांत मोठे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनींचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. मातीचा सामू (पीएच) ८ च्या वर गेला की ट्रायकोडर्मासारखी, रोगकारकांना रोखणारी मित्रबुरशी मंदावते, कारण तिला किंचित आम्ल ते उदासीन माती मानवते. अशा रानात तिच्या पुड्यांवर पुड्या टाकण्याआधी सच्छिद्र पाइपने भूमिगत निचरा करणे आणि सेंद्रिय खत वाढवणे यांवर खर्च करावा.

ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी असून बुरशीला कशी मारते?

मातीतली ही एक साधी, हिरव्या बीजाणूंची, झपाट्याने वाढणारी बुरशी आहे. ती दुसऱ्या बुरशीवर परजीवी म्हणून जगू शकते हे अमेरिकेतील संशोधक रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये रायझोक्टोनियावर दाखवून दिले आणि जैविक रोगनियंत्रणाच्या अभ्यासाला तिथून खरी दिशा मिळाली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ट्रायकोडर्माचे तंतू रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेलीसारखे वेटोळे घालताना दिसतात. मग कायटिनेज आणि ग्लुकनेज ही विकरे (एन्झाइम) सोडून ती समोरच्या बुरशीची पेशीभित्तिका विरघळवते आणि आतला जीवनरस शोषून घेते.

तथापि प्रत्यक्ष शेतात या कुस्तीपेक्षा जागेची अडवणूक जास्त उपयोगी ठरते. मुळांतून पाझरणाऱ्या साखरेवर आणि इतर द्रव्यांवर रोगकारक आणि मित्रबुरशी दोघांचाही डोळा असतो. ट्रायकोडर्मा आधी येऊन मुळाभोवतीची जागा व्यापते, तेव्हा मागून येणाऱ्याला खायला उरत नाही. याखेरीज तिचे काही वाण प्रतिजैविक द्रव्ये सोडतात आणि काही वाण झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. आधी पोहोचणे हे तिचे मुख्य बळ आहे, म्हणूनच तिचा वापर लागवडीपूर्वी करावयाचा असतो.

बाजारातील पुड्यांवर ट्रायकोडर्मा व्हिरिडी आणि ट्रायकोडर्मा हरझियानम ही नावे दिसतात. व्हिरिडी म्हणून ओळखले जाणारे भारतातील अनेक वाण नंतरच्या तपासणीत ट्रायकोडर्मा अस्पेरेलम असल्याचे आढळले, म्हणून तेही नाव दिसल्यास गोंधळून जाऊ नये.

स्यूडोमोनास आणि बॅसिलस यांची गरज केव्हा असते?

स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा मुळांच्या पृष्ठभागावर राहणारा जिवाणू आहे. तो लोह धरून ठेवणारी द्रव्ये सोडतो, त्यामुळे मातीतले लोह रोगकारक बुरशीच्या हाती लागत नाही. याच पिवळट-हिरव्या द्रव्यामुळे तो अतिनील प्रकाशात चमकतो आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू कणखर बीजाणू बनवतो, त्यामुळे उष्णता आणि साठवण तुलनेने चांगली सोसतो. सूत्रकृमी असतील तेथे पॅसिलोमायसिस लिलासिनस ही बुरशी जोडीला द्यावी, कारण ती सूत्रकृमींच्या अंड्यांवर वाढते.

हे सगळे एका बॅरलमध्ये कालवण्याचा मोह होतो. काही वाण एकमेकांशी जुळतात, काही एकमेकांना दाबतात. उत्पादकाने एकत्र बांधून दिलेले मिश्रण सोडल्यास ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास यांत आठवड्याचे अंतर ठेवणे सुरक्षित.

सुरुवात कोठून करावी?

बियाण्यापासून. पण इथे एक व्यावहारिक अडचण आहे. घेवडा, वाटाणा, भेंडी यांचे घरचे किंवा प्रक्रिया न केलेले बियाणे असेल तर किलोला ५ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा पाण्याच्या शिपक्यावर चोळून, सावलीत सुकवून लगेच पेरावे. टोमॅटो किंवा ढबू मिरचीचे संकरित बियाणे मात्र बहुधा रंगीत थरासह, म्हणजे रासायनिक प्रक्रिया होऊनच पाकिटात येते. त्यावर पुन्हा ट्रायकोडर्मा चोळण्याऐवजी ते ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये मिसळावे; १० किलो ओलसर कोकोपीटला ५० ते १०० ग्रॅम पुरेसे होते.

बहुतेक शेतकरी रोपे रोपवाटिकेतून विकत आणतात. तेव्हा लागवडीच्या दिवशी १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा ढवळून रोपांचे गड्डे त्यात २० ते ३० मिनिटे बुडवावेत. एकूण कामांत हे काम सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा टाळले जाते. गाडीतून रोपे उतरली आणि बायका लागवडीला उभ्या राहिल्या की अर्धा तास थांबायला कोणी तयार नसते. म्हणून द्रावण आदल्या रात्री नव्हे, पण गाडी पोहोचण्यापूर्वी तयार ठेवावे.

शेणखतात ट्रायकोडर्मा वाढवण्याची योग्य पद्धत कोणती?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे, कारण जमिनीत कोरडी पूड फेकणे आणि तिला खाद्यासह जमिनीत पाठवणे यांच्या परिणामात मोठे अंतर आहे.

पूर्ण कुजलेले, थंड झालेले, चाळता येईल असे शेणखत घ्यावे. उकिरड्याच्या तळाचे काळे खत उत्तम. ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेण घेतल्यास त्यातली उष्णता मित्रबुरशीला मारते, शिवाय हुमणीचे भुंगेरे अशा खतात अंडी घालतात हे उसाच्या पट्ट्यात वेगळे सांगण्याची गरज नाही. झाडाखाली किंवा शेडमध्ये १०० किलो खताला १ किलो ट्रायकोडर्मा या प्रमाणात थर देऊन मिसळावे. खताची ओल अशी असावी की मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. वर ओली गोणपाटे टाकावीत. प्लॅस्टिकचा कागद घालू नये, कारण या बुरशीला हवा लागते. दर तीन-चार दिवसांनी ढीग खालीवर करून पाणी शिंपडावे. १० ते १५ दिवसांत खतावर आधी पांढरी आणि मग हिरवी झाक दिसू लागते. त्याच सुमारास ते वापरावे, महिनाभर पडू देऊ नये.

लागवडीआधी हे खत गादीवाफ्यावर, रोपांच्या ओळीतच मातीत मिसळावे आणि माती वाफशावर (ओलसर पण हवा खेळती) ठेवावी. एकरी २ किलो ट्रायकोडर्मापासून तयार केलेले २०० किलो खत ओळींत दिल्यास ते मुळांच्या टप्प्यात येते. सगळ्या रानावर विस्कटल्यास त्याचा बराच भाग सरीत जातो. निंबोळी पेंड याच वेळी मिसळली तरी चालते.

प्रेसमड किंवा उसाचे पाचट वापरता येईल का?

वापरता येते, पण कच्चे नव्हे. कारखान्याचा ताजा प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) कुजताना बराच तापतो. तो दोन-तीन महिने कुजवून थंड झाल्यावर शेणखतासारखा वापरावा. पाचटाचे कंपोस्ट चांगले होते, कारण ट्रायकोडर्मा मुळात कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर जगणारी आणि सेल्युलोज पचवणारी बुरशी आहे. पाचट पेटवून देणारे शेतकरी एक प्रकारे तिचे अन्नच जाळतात.

गुळाच्या पाण्यात घरी ट्रायकोडर्मा वाढवावी का?

गुळाच्या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. २०० लिटरच्या बॅरलमध्ये गूळ आणि पुडी टाकून आठवडाभर ठेवल्यास काहीतरी नक्की वाढते. ते ट्रायकोडर्माच असेल याची खात्री देता येत नाही. उघड्या गोड पाण्यात यीस्ट आणि इतर जिवाणू तिच्यापेक्षा वेगाने वाढतात आणि आंबट वास येऊ लागतो. आळवणीच्या द्रावणात थोडा गूळ विरघळवून त्याच दिवशी वापरण्यास हरकत नाही. वाढवायचेच असेल तर वर सांगितलेले शेणखत अधिक भरवशाचे.

उभ्या पिकात रोग दिसल्यावर जैविक उपाय चालेल का?

कुजलेली मुळे पुन्हा जिवंत होत नाहीत. ज्या झाडाने मान टाकली आहे ते मातीच्या गड्ड्यासह उपटून शेताबाहेर न्यावे आणि नष्ट करावे. बांधावर किंवा पाटात टाकू नये, कारण तेच पाणी पुढे शेजाऱ्याच्या रानात जाते. स्क्लेरोशियमच्या गाठी असतील तर तेथील वरची मातीही उचलावी. त्या गाठी जमिनीत कित्येक वर्षे टिकतात आणि या बुरशीच्या आश्रयी वनस्पतींची संख्या ५०० हून अधिक असल्यामुळे केवळ पीक बदलून ती सुटत नाही.

भोवतालच्या निरोगी झाडांना मात्र वाचवता येते. लिटरला ५ ग्रॅम ट्रायकोडर्माचे द्रावण झाडाला ५० ते १०० मिली बुंध्याशी द्यावे आणि १०-१५ दिवसांनी पुन्हा द्यावे. संध्याकाळची वेळ आणि ओलसर माती हवी. रोग वेगाने पसरत असेल तर हट्ट धरू नये. पिथियम किंवा फायटोफ्थोराची खात्री झाली असल्यास मेटॅलॅक्झिलयुक्त बुरशीनाशक शिफारशीनुसार देऊन पीक सावरावे. जैविक पद्धतीवर निष्ठा म्हणून अर्धा एकर ढबू मिरची मरू देण्यात शहाणपण नाही.

कोणत्या औषधांशी जमत नाही?

कार्बेन्डाझिम, थायोफिनेट मिथाइल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल यांच्यापुढे ट्रायकोडर्मा टिकत नाही. त्यांच्या आळवणीनंतर किमान १५ दिवस थांबावे. मेटॅलॅक्झिल ती चांगले सोसते. ताम्रयुक्त औषधे आणि प्रतिजैविके जिवाणूंना, म्हणजे स्यूडोमोनास आणि बॅसिलसला, मारक ठरतात. नळाचे क्लोरिनयुक्त पाणी रात्रभर उघडे ठेवून मग वापरावे. कीटकनाशकाचा पंप वापरणार असाल तर तो आधी स्वच्छ धुवा.

ठिबकमधून सोडता येते का?

येते, पण पूड टाल्कवर (शंखजिऱ्यावर) आधारलेली असल्यास ड्रिपर चोंदतात. द्रवरूप उत्पादन घ्यावे, किंवा पूड ढवळून थोडा वेळ निवळू द्यावी आणि वरचे पाणी कापडाने गाळून सोडावे. आम्ल किंवा क्लोरीनने नळ्या धुतल्या असतील तर नंतर साध्या पाण्याने त्या व्यवस्थित फ्लश केल्याशिवाय जैविक द्रावण सोडू नये.

खरेदी करताना काय पाहावे?

जैविक बुरशीनाशक हेही कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कक्षेत येते, त्यामुळे पुड्यावर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. ट्रायकोडर्मा व्हिरिडी १ टक्के डब्ल्यूपी (पाण्यात मिसळणारी पूड) या प्रकारात ग्रॅममागे किमान २० लाख सीएफयू, म्हणजे वाढू शकणारे जिवंत घटक, अपेक्षित असतात. उत्पादन आणि मुदत संपण्याची तारीख पाहावीच. पण त्याहून अधिक पाहावे ते पुडा ठेवलेला कोपरा. पत्र्याखाली, उन्हाच्या झळा येणाऱ्या फळीवर किंवा खतांच्या पोत्यांवर ठेवलेला माल मुदतीत असूनही मेलेला असू शकतो. दुकानदाराने थंड जागेतून काढून दिला तर दोन रुपये जास्त द्यावेत.

पुराचे पाणी येऊन गेलेल्या रानात काय करावे?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की करवीर, हातकणंगले आणि शिरोळमधील नदीकाठच्या रानांत पाणी शिरू लागते. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांना मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानात नंतर काय होते हे ठाऊक आहे. पाणी साचले असताना जमिनीत हवा उरत नाही, त्यामुळे मुळे गुदमरून आधीच अर्धमेली होतात. ट्रायकोडर्माही हवेवाचून वाढत नाही. पिथियमचे बीजाणू मात्र पाण्यावर स्वार होऊन पसरतात.

म्हणून चिखलात पूड टाकण्याची घाई करू नये. आधी चर काढून पाणी बाहेर काढावे आणि वाफसा येऊ द्यावा. कुजलेले पीक काढून टाकावे, गाळाची पापडी फोडून जमीन खोल नांगरून तापू द्यावी आणि मग नव्या लागवडीच्या वेळी ट्रायकोडर्मायुक्त शेणखत द्यावे. गादीवाफा नेहमीपेक्षा उंच करावा.

उन्हाळ्यात जमीन तापवण्याचा आणि मित्रबुरशीचा मेळ कसा घालावा?

ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक पसरून सूर्याच्या उष्णतेने रोगकारक मारण्याची पद्धत इस्रायलमधील काटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली. आपल्याकडे एप्रिल-मे हे दोन महिने तिला सोयीचे आहेत. वाफे भिजवून २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक कागद कडांना माती लावून चार ते सहा आठवडे ठेवावा. काळा कागद तितका तापवत नाही. रोपवाटिकेच्या वाफ्यांसाठी हा खर्च परवडतो, मोठ्या रानासाठी सहसा नाही. कागद काढल्यानंतर तीन-चार दिवसांत ट्रायकोडर्मा द्यावी, कारण त्या वेळी मातीतले प्रतिस्पर्धी कमी झालेले असतात आणि तिला मोकळी जागा मिळते. वळवाचा जोरदार पाऊस शेजारच्या न तापवलेल्या रानातले पाणी वाफ्यात आणणार नाही, याची व्यवस्था आधीच करावी.

माणसांना, जनावरांना किंवा इतर पिकांना धोका आहे का?

पिकांना नाही. पूड हाताळताना नाकाला रुमाल बांधावा, कारण बीजाणूंचा धुरळा दम्याच्या रुग्णांना त्रास देऊ शकतो. एका व्यवसायाला मात्र खरा धोका आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो: अळिंबीच्या बेडवर येणारी हिरवी बुरशी ही ट्रायकोडर्माच असते. घरी अळिंबीचे शेड असेल तर शेणखताचा ढीग तिथून दूर लावावा आणि त्याच कपड्यांत शेडमध्ये जाऊ नये.

उरलेली पूड पुढच्या हंगामात चालेल का?

मुदत शिल्लक असेल आणि पुडा घट्ट बांधून थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवला असेल तर चालेल. शंका वाटल्यास मऊ शिजवलेला भात स्वच्छ बाटलीत गार करून त्यावर चिमूटभर पूड टाकावी आणि तोंडाला कापूस लावून ठेवावे. पाच-सहा दिवसांत काहीच वाढले नाही तर पूड मेली आहे असे समजावे. हिरवी वाढ दिसली तर ती ट्रायकोडर्माची असू शकते किंवा भाकरीवर येते तशा एखाद्या साध्या बुरशीचीही. तेवढा फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.